पिकअपमधला संसार

ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. साल १९३२. जगभर मंदीचे दिवस. व्हिक्टोरिया राज्यातल्या गिप्सलँड भागातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं. मागणी अगदी साधी होती. रविवारी चर्चला जाताना आम्ही पावसात भिजू नये आणि सोमवारी त्याच गाडीतून नवऱ्याला डुकरं बाजारात नेता यावीत, अशी एक गाडी आम्हाला करून द्या. दोन गाड्या घेण्याची ऐपत होती कुणाची? जिलाँगच्या कारखान्यातल्या लुई बँट या तरुण डिझायनरनं ती मागणी कागदावर उतरवली आणि १९३४ मध्ये पुढे मोटारीसारखी बंद केबिन, मागे सामानाचा हौदा अशी गाडी बाजारात आली. ऑस्ट्रेलियात तिला ‘यूट’ म्हणतात. गोष्टीत त्या बाईचं नाव मात्र कुठे येत नाही.

गंमत आहे ना? पिकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चिखल उडवत जाणारी, एकदम ‘मर्दानी’ गाडी येते. पण तिच्या मुळाशी आहे एका घरधनिणीचा हिशेब!

आपल्याकडे पिकअप म्हणजे भाजीचा टेम्पो, हे समीकरण बरीच वर्षं पक्कं होतं. टाटा झेनॉन, स्कॉर्पिओ गेटअवे या गाड्या अधूनमधून दिसायच्या. मग २०१६ मध्ये इसुझुची व्ही-क्रॉस आली, २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली. पुढे पाच माणसं, मागे हौदा. नाशिककडच्या माझ्या एका मैत्रिणीच्या घरीही अशी गाडी आली. आठवडाभर शेतावर ठिबकच्या नळ्या आणि पोती वाहायची, सुट्टीत सगळ्यांनी मिळून लांब फिरायला जायचं, अगदी लडाखपर्यंत, असा बेत ठरला. नवऱ्याच्या मोबाईलवर फोटोंचा पूर आला. मोठाले टायर, पुढे लोखंडी गार्ड, टपावर दिव्यांची रांग, वर तंबू. सगळं बघून झाल्यावर मैत्रिणीनं एकच विचारलं, ‘अहो, ते सगळं ठीक आहे, पण आई मागच्या सीटवर चढणार कशा?’

आणि खरी तयारी तिथून सुरू झाली. तिनं वही घेतली. त्या वहीतलं बरंच काही तुमच्याही उपयोगाचं आहे, म्हणून इथे देतेय.

पहिलं पान वजनाचं

प्रत्येक गाडीला कागदोपत्री दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं आणि दुसरं भरल्या गाडीचं, म्हणजे त्यापलीकडे जायचंच नाही असं. दोन्हींमधला फरक हा आपला ‘खर्च करायचा’ आकडा. घरखर्चासारखाच! खासगी वापराच्या पिकअपमध्ये तो आपल्याला वाटतो त्याहून बराच कमी निघू शकतो. शिवाय त्यात माणसंही धरायची असतात, हे बहुतेक जण विसरतात.

आता बेरीज करून बघा. हौद्यावरचं झाकण म्हणजे कॅनॉपी ७० किलो, टपावरचा तंबू ६०, सामानाचे सरकते खण ६०, पाणी ४० लिटर म्हणजे ४०, भरलेला छोटा फ्रिज ३०, दुसरी बॅटरी २५, डिझेलचा कॅन २०, शेगडी-भांडी-शिधा ३५, कपडे आणि अंथरुणं ४०. झाले ३८०. नवरा ७५, मैत्रीण ६०, सासूबाई ५५, दोन मुलं मिळून ७०. हे २६०. एकूण ६४० किलो! तिच्या गाडीच्या कागदांवरचा आकडा याच्या पुष्कळ खाली होता.

मग काय होतं? गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. मागचे पाटे दबतात, पुढचं तोंड वर उठतं आणि वळणावर स्टिअरिंग हलकं लागतं. समोरच्याच्या डोळ्यांत आपले दिवे जातात ते वेगळंच. ऑस्ट्रेलियात मागच्या चाकांच्याही मागे भरमसाट वजन लादल्यामुळे डबल कॅब यूटच्या चासी वाकल्याची उदाहरणं आहेत. ‘जाड पाटे टाकू की’ असं गॅरेजवाला सांगतो. पण पाटे जाड केले म्हणून कागदावरची मर्यादा वाढत नाही, ब्रेकही तेच राहतात.

मैत्रिणीनं काट मारायला सुरुवात केली. लोखंडी खण रद्द, त्याऐवजी झाकणाचे प्लास्टिक क्रेट आणि पक्के पट्टे. लेड-अ‍ॅसिड बॅटरीऐवजी लिथियमची घेतली. महाग पडते, पण वजन निम्म्याहून कमी. जड वस्तू खाली आणि केबिनला चिकटून, हलक्या वर. हो, आणि निघण्याआधी सगळं भरून, सगळ्यांना बसवून गाडी सरळ वजनकाट्यावर न्यायची. उसाच्या ट्रॉलीमागे रांगेत उभं राहायला लाज कसली?

कायदा आणि विमा

या पानाकडे कुणी बघत नाही आणि पुढे तेच महागात पडतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं बनवलेल्या गाडीत नोंदणीचे तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारासाठी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करण्याच्या सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या होत्या. त्यामागे कारणही आहे. गार्डमुळे पायी चालणाऱ्याला जास्त मार लागतो आणि एअरबॅगला धडकेची वर्दी नीट पोचत नाही.

मोठ्या टायरचंही तसंच. टायरचा घेर दहा टक्क्यांनी वाढला की स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८८ नं पळत असते.

म्हणून जे लावायचं ते शक्यतो कंपनीच्या अ‍ॅक्सेसरीजमधलं आणि काढता येण्याजोगं. कॅनॉपीसारखी मोठी गोष्ट असेल तर आरटीओत आधी विचारून घ्या आणि उत्तर लेखी मागा. विमा कंपनीलाही कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. अपघातानंतर ‘हे आम्हाला सांगितलं नव्हतं’ असं ऐकायची वेळ कशाला आणायची? पिवळ्या पाटीची पिकअप असेल तर परमिट, टॅक्स, फिटनेस ही आणखी वेगळी भानगड. परराज्यात जाण्याआधी ती निस्तरून घ्यावी.

मागची सीट कुणाची?

पुढच्या सीटवर बसणाऱ्याला गाडी छानच वाटते. मागे बसायचं असतं आजीला आणि मुलांना. डबल कॅबमध्ये मागच्या सीटची पाठ बरीच उभी असते, कारण तिच्यामागे लगेच हौदा सुरू होतो. शिवाय मागचे पाटे ओझ्यासाठी बनवलेले, त्यामुळे हौदा रिकामा असला की प्रत्येक खड्डा पाठीत बसतो. उपाय फार महागडे नाहीत. टायरमधली हवा कंपनीच्या तक्त्याप्रमाणे, म्हणजे रिकाम्या गाडीला एक आणि भरलेल्या गाडीला एक अशी ठेवायची. कमरेमागे छोटी उशी. दर दोन तासांनी थांबा. सासूबाईंसाठी मैत्रिणीनं दाराखाली रुंद पायरी बसवून घेतली आणि आत धरायला भक्कम कडी आहे ना ते पाहिलं. साऱ्या खर्चातला हा सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च, असं ती म्हणते.

मागच्या तिघांनीही पट्टा लावायचाच. मधल्या सीटचा पट्टा खांद्यावरून येणारा आहे की फक्त कमरेचा, ते गाडी घेतानाच बघा. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. पण दंडाचं सोडा, आठ वर्षांच्या मुलीच्या मानेवर पट्टा घासत असेल तर तिला उंच करणारी बूस्टर सीट हवीच. आणि सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर हौसेनं जाडजूड कव्हर शिवून घालू नका, ती फुगायला वाट राहत नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात नको. कॅनॉपी लावली की मुलं म्हणतात, ‘आम्ही मागे झोपून येतो.’ धावत्या गाडीच्या हौद्यात माणूस बसवायचा नाही. तिथे ना पट्टा, ना धडक सोसणारी रचना, वर सायलेन्सरचा धूर आत शिरण्याची भीती.

फाळक्यावरची चूल

हौद्याचा मागचा फाळका उघडला की तयार ओटा मिळतो! गाडीच्या पाठीला स्वयंपाकघर जोडायची युक्ती जुनीच. अमेरिकेत चार्ल्स गुडनाइट यानं १८६६ मध्ये गुरं हाकणाऱ्या आपल्या माणसांसाठी घोडागाडीला मागे खणांची पेटी लावली, तिची फळी उघडली की टेबल होई. आपण गॅसची शेगडी आणि पाच किलोचा छोटा सिलिंडर घेतो एवढाच फरक. सिलिंडर उभा, घट्ट बांधलेला हवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साठतो. म्हणून त्याच्या कप्प्याला खाली भोकं हवीत.

डोंगरात जायचं तर कुकर विसरू नका. लेहच्या उंचीवर पाणी साधारण ८८ अंशांलाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. आणि कितीही थंडी असो, तंबूत किंवा बंद कॅनॉपीत शेगडी पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेत माणूस जातो.

फाळक्याच्या फटींतून धूळ आत ओढली जाते. पहिल्या कच्च्या रस्त्यावरच पिठाच्या डब्यावर लाल थर! फाळक्याच्या चारी बाजूंनी रबराची पट्टी लावून घ्या. खर्च किरकोळ, सुख मोठं. फ्रिजसाठी वेगळी बॅटरी असेल तर तिच्याजवळच फ्यूज हवा आणि वायरिंग जाणत्याकडूनच करून घ्यावं. मूळ वायरी कापून जोड दिले तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं आणि आगीचा धोका कायमचा.

जे कुणी बोलत नाही

कुठल्याही फोटोत न दिसणारी, पण बाईच्या मनात पहिल्या मिनिटाला येणारी गोष्ट म्हणजे ‘जायचं कुठे?’ पुरुषांना सारं रान मोकळं. आपण काय करतो? पाणी पिणंच कमी करतो. मग लघवीची जळजळ, डोकेदुखी. उंचावर कोरडी हवा, तिथे तर शरीराला पाणी जास्तच लागतं. म्हणून मैत्रिणीच्या वहीत हे वरच्या ओळीत होतं. घडीचा कमोड, त्याच्या पिशव्या, घट्ट झाकणाचा डबा आणि कॅनॉपीच्या दाराला अडकवायचा जाड पडदा. सगळं मिळून पाच-सहा किलो. सासूबाईंच्या गुडघ्यांनाही तोच कमोड सोयीचा झाला. वापरलेल्या पिशव्या आणि पॅड रानात टाकायचे नाहीत, परत आणायचे. माणशी रोज चार-पाच लिटर पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला धरायचं, तेही एकाच टाकीत न ठेवता दोन-तीन कॅनमध्ये. एक गळला तर बाकीचे असतात.

झोपायचं म्हणाल तर डबल कॅबचा हौदा जेमतेम पाच फूट लांब. मोठं माणूस पाय पसरून मावत नाही. टपावरच्या तंबूत दोघं-तिघं मावतात, पण रात्री शिडी उतरायची आहे हे आजीच्या दृष्टीनं विचारात घ्या. टपाला किती वजन चालतं तेही मॅन्युअलमध्ये बघा. मैत्रिणीनं तो तंबूच काटला. जमिनीवरचा साधा तंबू आणि सासूबाईंसाठी गावात घरगुती मुक्काम. साठ किलो आणि बरेच पैसे, दोन्ही वाचले.

घाई मात्र करू नका. आधी काहीही न बसवता, घरातल्याच सतरंज्या आणि डबे घेऊन भंडारदरा नाही तर दापोलीपर्यंत जाऊन या. दोन रात्रींत काय अडलं ते लिहून ठेवा. खरेदी त्या यादीप्रमाणे करायची, मोबाईलवरच्या फोटोंप्रमाणे नाही. आणि ही गाडी आपल्यालाही चालवता आली पाहिजे बरं का! भरलेल्या पिकअपचे ब्रेक, मागे घेताना न दिसणारा कोपरा, जॅक लावून स्टेपनी बदलणं, सगळं घराजवळच्या मोकळ्या मैदानात एकदा करून बघा. चाक जड असतं, दोघांनी मिळून उचला. जॅकखाली ठेवायला एक लाकडी फळी गाडीत असू द्या, मऊ मातीत जॅक रुततो. वजन दोन किलो. वहीत तेही लिहायला विसरू नका!