आधी उंची, मग रुंदी
चाकाखालचं गणित : भाग ६

सातारा-सांगलीत स्पोर्ट्स कार म्हटलं की पोर्श डोळ्यांसमोर येत नाही, स्विफ्ट येते. एमएच-११ नाहीतर एमएच-१० ची पाटी, खाली बसवलेली गाडी आणि मडगार्डच्या बाहेर डोकावणारी मॅगव्हील. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर कुणी नाक मुरडेल, मुरडू द्या. रुंद रिमवर टायर कोणता घ्यायचा, हे गणित पोर्श ९११ ला आणि स्विफ्टला एकच लागू पडतं. ९११ चं गणित कारखान्यातच सुटलेलं असतं आणि आपलं सोडवायला दुकानातला पोरगा असतो, एवढाच काय तो फरक.

इथं बहुतेकांचा क्रम उलटा पडतो. आधी नजरेत भरलेली रिम घेतली जाते, घासाघीस होते, पैसे दिले जातात आणि मग विचारलं जातं, ‘ह्याच्यावर टायर कुठला बसंल?’ उत्तर त्या दिवशी दुकानात जे माप शिल्लक असेल त्याचं मिळतं. रिम घेण्याआधीच टायर कागदावर ठरलेला हवा, आणि त्यातही पहिला आकडा उंचीचा.

टायरवरचे आकडे वाचायला आपण मागच्या भागात शिकलो. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. एका इंचाचे २५.४ मिलिमीटर धरले की रिम झाली ३८१. तिच्यात वरची आणि खालची कड मिळवली की चाकाची पूर्ण उंची ६२१.५ मिलिमीटर येते. हा हिशोब मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होतो.

आता मारुतीने काय केलं ते बघा. २०१८ च्या स्विफ्टला स्वस्त मॉडेलात १६५/८० आर १४ दिला आणि महागात १८५/६५ आर १५. टायर वीस मिलिमीटरने रुंद झाला, रिम एक इंचाने वाढली, पण चाकाची उंची? पहिल्याची ६१९.६, दुसऱ्याची ६२१.५. फरक दोन मिलिमीटरही नाही. रिम जेवढी वाढली तेवढी रबराची कड कापली, बस. हौशी माणसाने पुढं सोळा इंची रिमवर १९५/५५ घेतला तर उंची ६२०.९ येते, आणि सतरावर २०५/४५ घेतला तर ६१६.३. सगळी मापं एकाच माळेतली.

याउलट, रुंद हवा म्हणून पंधरा इंचीवरच २०५/६५ चढवला की उंची ६४७.५ होते, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त वाढ. स्पीडोमीटरचा काटा ८० वर असताना गाडी ८३ ने पळत असते. शिवाय प्रत्येक गिअर थोडा लांबतो. सपाट हायवेवर हे जाणवत नाही, भरलेली गाडी खंबाटकी चढायला लागली की मात्र इंजिन कुथायला लागतं. मूळ उंचीपासून दोन-तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये, ते यासाठी.

उंची जुळली की रिमची रुंदी. प्रत्येक मापाच्या टायरला किती इंच रुंद रिम चालते, हे टायर कंपन्यांच्या तक्त्यात दिलेलं असतं. १९५/५५ आर १६ ला साडेपाच ते सात इंच, २०५/४५ आर १७ ला साडेसहा ते साडेसात. टायरवर छापलेली रुंदीही एका ठरावीक रिमवर मोजलेली असते. रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की तोच टायर सुमारे पाच मिलिमीटरने पसरतो. आठ इंची रिमवर १९५ ताणून बसवायची फॅशन आहे. फोटोत झकास दिसतं. पण ताणलेल्या टायरची कड रिमच्या ओठाला झाकत नाही आणि खड्ड्यात पहिला मार रिमच खाते. हवा कमी असताना वळणावर टायर रिमवरून सुटण्याचीही भीती असते.

ऑफसेट हा सगळ्यात दुर्लक्षित आकडा. रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारी बाजू किती अंतरावर आहे, ते रिमवर ‘ईटी’ म्हणून कोरलेलं असतं. समजा जुनी रिम साडेपाच इंची, ईटी ४५. नवी साडेसहा इंची, ईटी ३५. रुंदी एक इंच वाढली म्हणून दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर वाटून आले, वर ऑफसेटमुळे सगळी रिम आणखी दहाने बाहेर सरकली. बाहेरची कड २२.७ मिलिमीटर पुढं आली, आतली जेमतेम २.७ ने आत गेली. मडगार्डला घासणं इथूनच सुरू होतं. बेअरिंगवर जादा ताण येतो, आणि एका बाजूचं चाक पाण्यात गेलं की स्टिअरिंग हिसका देतं. स्विफ्टचे चार नट १०० मिलिमीटरच्या वर्तुळात आहेत. ते जुळले म्हणजे रिम जुळली, असं समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

रुंद टायर जास्त पकडतो तो का? रबर जास्त टेकतं म्हणून, हे उत्तर सोपं आहे आणि बरंचसं चुकीचं. वाळव्याकडच्या ऊसगाडीचं उदाहरण घ्या. लाकडी चाकाची लोखंडी धाव ओल्या रानात रुतायची, रबरी टायरची गाडी तेवढाच ऊस घेऊन बाहेर येते, कारण जमिनीवरचा दाब आता साधारण टायरमधल्या हवेच्या दाबाइतकाच राहतो. कारलाही तेच. एका चाकावर २७० किलो भार आणि ३२ पीएसआय हवा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. टेकणारी जागा झाली सुमारे १२० चौरस सेंटिमीटर. टायर रुंद करा, हवा तेवढीच ठेवा, जागा फारशी वाढत नाही. तिचा आकार बदलतो: १५ बाय ८ ची १६ बाय साडेसात होते. हा आडवा ठसा आणि आखूड, ताठ कड यांमुळे यवतेश्वराच्या वळणांवर गाडी स्टिअरिंगला चटकन उत्तर देते. पण हाच आडवा ठसा पाणी बाजूला सारायला कमी पडतो. जुलैत पसरणी घाटात रुंद टायर लवकर तरंगतो, आणि झिजलेला असेल तर विचारूच नका.

कडेची उंची आपल्या मापांत १३२, १२०, १०७ आणि ९२ मिलिमीटर अशी उतरत जाते. खड्ड्यांसाठी वर्षानुवर्षं बदनाम राहिलेल्या पेठ-सांगली रस्त्याच्या लोकांना ९२ मिलिमीटर म्हणजे काय, ते समजावून सांगायला नको. माझं मत स्पष्ट आहे: या दोन जिल्ह्यांत रोज चालणाऱ्या गाडीला सोळा इंचांवर थांबावं.

भाराचा आकडाही बघा. पंधरा इंची १८५/६५ वर ८८, म्हणजे प्रत्येक टायरला ५६० किलो. १९५/५५ आर १६ सहसा ८७ चा मिळतो, ५४५ किलो. २०५/४५ आर १७ तर ८४ चाही असतो, ५०० किलो. मूळ आकड्याखाली उतरू नये. त्याच मापात जादा भाराचा ‘एक्सएल’ टायर मिळतो, तो मागावा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. मडगार्डबाहेर आलेलं चाक आरटीओच्या आणि विमा कंपनीच्या दोघांच्याही नजरेत भरतं. कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेलं माप घेणं हा सगळ्यात बिनघोर मार्ग.

पैसे देण्याआधी दुकानदाराकडून एक टायर-रिम नुसती चढवून घ्या. रिकाम्या गाडीवर नव्हे. मागं तिघं बसवा, डिकीत तासगावच्या द्राक्षांच्या चार पेट्या टाका, स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवा आणि एखाद्या गतिरोधकावरून नेऊन आणा. आतल्या बाजूला शॉकअबला आणि ब्रेकच्या नळीला बोट घालून अंतर तपासा. घासल्याची काळी रेघ दिसली तर तिथंच थांबा.

स्टेपनीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. चाकाची उंची राखली असेल तर जुनी स्टेपनी पंक्चरच्या दुकानापर्यंत निर्धास्त नेते. फक्त नवी मॅगव्हील वेगळ्या नटांनी आवळली असेल, तर स्टेपनीचे मूळ नट डिकीत ठेवा. पुढच्या भागात हवेचा दाब : दाराच्या चौकटीवरचा तक्ता रुंद टायरला कितपत लागू पडतो, ते.