टायटॅनिक शर्यतीत नव्हतीच

विक्रमासाठी धावताना टायटॅनिक बुडाली, ही समजूत आकड्यांपुढे टिकत नाही. अटलांटिक सर्वांत वेगाने ओलांडण्याचा मान, म्हणजे ‘ब्लू रिबँड’, क्युनार्ड कंपनीच्या मॉरेटेनियाकडे होता, सरकारी कर्जातून बांधलेल्या या बोटीचा वेग सुमारे 26 नॉट (1 नॉट म्हणजे ताशी 1.85 किमी). व्हाइट स्टार कंपनीने तो नाद सोडून पैसा लावला आकारावर आणि ऐषआरामावर: ऑलिम्पिक (1911), टायटॅनिक (1912). मग हिमनगांचे इशारे मिळूनही 22 नॉट का? हवा स्वच्छ असेल तर वेग कमी करायचा नाही, ही तेव्हा सगळ्याच कंपन्यांची वहिवाट. पण म्हणून स्पर्धा निर्दोष ठरत नाही. तिने बोटी इतक्या फुगवल्या की 1894चे जीवनौकांचे ब्रिटिश नियम मागे पडले. त्यांची शेवटची पायरी ‘10 हजार टन व अधिक’. तिथे 16 जीवनौका पुरत. टायटॅनिक सुमारे 46 हजार टनांची. जीवनौका 20 (कायद्यापेक्षा चार जादाच!), जागा 1,178, माणसे सुमारे 2,200. त्यांतली दीड हजार गेली.

जीवनौका पुरेशा असत्या तर? क्युनार्डच्या लुसिटानियावर 1915 मध्ये त्या होत्या. जर्मन टॉर्पेडो लागून ती कलंडली, 18 मिनिटांत बुडाली. 48 पैकी जेमतेम सहा नौका धड पाण्यात उतरल्या.