तीस गुणिले तीस गुणिले तीन

नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) पोरांना घनफळ शाळेच्या आधी गाठतं. वाळू आणि खडी ब्रासवर मिळते, म्हणजे 100 घनफुटांवर. उन्हाळ्यात पाणी टँकरच्या खेपांवर मोजलं जातं. पावसाळ्यात मुळा-भंडारदरा धरणांच्या साठ्याचे आकडे दलघफूमध्ये (दशलक्ष घनफुटांत) छापून येतात. एवढी शिदोरी घेऊन मुलं वर्गात बसतात आणि फळ्यावर इष्टिकाचिती अवतरते. लांबी, रुंदी, उंची. गुणा आणि मोकळे व्हा!

आठवी-नववीत ‘पृष्ठफळ व घनफळ’, दहावीत ‘महत्त्वमापन’, असा आपला अभ्यासक्रम. सूत्र, सोडवलेलं उदाहरण, सरावसंच हा क्रमही ठरलेला. तुलना मात्र राहून जाते. खोक्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर आत किती पट मावेल, असं विचारून पाहा. ‘दुप्पट’ म्हणणारे बरेच, ‘सहापट’ म्हणणारेही निघतात. आठपट हे उत्तर पटायला आठ सारखे ठोकळे हाताने रचावे लागतात. शंकूने वृत्तचितीत तीनदा वाळू ओतण्याचा प्रयोग तसाच. तो फळ्यावर काढून दाखवला की त्यातली गंमत गेलीच.

जिल्ह्यात याहून चांगलं साधन बांधाबांधावर आहे, ते म्हणजे शेततळं. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना 2016 मध्ये आली आणि 30 बाय 30 बाय 3 मीटर हे माप सगळ्यांच्या तोंडी बसलं. मुलं लगेच गुणाकार करतात: 2700 घनमीटर. पण तळ्याच्या बाजू उभ्या नसतात, नाहीतर काठ ढासळेल. उतार एकास एक धरला तर तळ 24 बाय 24 चाच उरतो. मग कुणी तोंड आणि तळ यांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतो: 2214. कुणी मधली बाजू 27 धरतो: 2187. दोन्ही उत्तरं चुकीची. पण एक जास्त, दुसरं कमी. शिक्षकाने इथे घाई करू नये. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, हे मुलांनाच सापडू द्यावं.

गणिती ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये नेमकं हेच सांगितलं. दोन अंदाजांतला फरक घ्या (इथे 27), त्याचा तिसरा हिस्सा लहान अंदाजात मिळवा. 2187 अधिक 9, म्हणजे 2196. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) तर खड्ड्यांसाठी ‘खातव्यवहार’ हे वेगळं प्रकरणच आहे. त्यातली रीत अशी: तोंडाचं क्षेत्रफळ 900, तळाचं 576, तोंड आणि तळ यांच्या बाजूंच्या बेरजेवरचं 54 गुणिले 54, म्हणजे 2916. तिन्हींची बेरीज 4392; तिला सहाने भागून खोलीने गुणलं की पुन्हा 2196. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ होता, तसा 1207 चा शिलालेख आहे. आपल्या दहावीच्या पुस्तकात मात्र शंकूछेद येतो, तोही गोल तोंडाचा, बादलीसारखा. चौकोनी तळ्याला त्यात जागा नाही, याचं नवल वाटतं.

2700 आणि 2196 मधला फरक 504 घनमीटरचा, म्हणजे 12,000 लिटरचे 42 टँकर. हा आकडा कानावर पडला की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

हिवरे बाजार या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडून हेच गणित गावपातळीवर नेलं. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. पावसाचा आकडा आणि गावाचं क्षेत्र हाती असलं की गावावर किती पाणी पडलं ते निघतं. मग कुठलं पीक झेपेल याची चर्चा. पर्जन्यमापक वाचणाऱ्या मुलाला पत्र्याच्या डब्याइतकंच अख्खं शिवारही मोजता येतं.

धरणाला मात्र सूत्र नाही. हजार फूट बाजूचा घन म्हणजे एक टीएमसी (हजार दशलक्ष घनफूट). मुळा धरणात असे 26 घन मावतात. पण दऱ्याखोऱ्यांत पसरलेलं पाणी घनासारखं थोडंच असतं? अभियंते त्याचे आडवे थर कल्पितात, प्रत्येक पातळीचं क्षेत्रफळ नकाशावरून काढतात, थराच्या जाडीने गुणतात आणि बेरजा करतात. गाळ साचला की पुन्हा मोजणी. वर्गात यासाठी एक बटाटा, सुरी आणि आलेखाचा कागद पुरतो. सारख्या जाडीच्या चकत्या करायच्या, कागदावर गिरवायच्या, चौकटी मोजायच्या. कापण्याआधी बटाटा मापनपात्रात बुडवून पाणी किती चढलं ते टिपून ठेवलं, तर पडताळाही तिथल्या तिथे होतो.