रेस देऊ नको, खाली उतर

आमच्या वाशीम जिल्ह्यात ट्रक फसण्याचा हंगाम ठरलेला आहे. जुलै-ऑगस्टच्या झडीत गाड्या फारशा फसत नाहीत, कारण त्या दिवसांत शहाणा माणूस डांबर सोडून गाडी खाली घालतच नाही. गाड्या फसतात दसरा-दिवाळीच्या मधे. सोयाबीन सोंगून झालेलं असतं, शेतात मळणीचा हडंबा लागलेला असतो, चार-आठ दिवस आभाळ मोकळं असतं आणि सणाच्या आत माल बाजार समितीत न्यायची घाई असते. वरची माती वाळून करडी दिसते. शेतकरी टाच आपटून सांगतो, "या भाऊ, बिनधास्त या, कडक हाय." त्याच्या टाचेखाली कडकच असते. वीतभर खाली परतीच्या पावसाचं पाणी अजून मुरलेलं असतं, आणि ते टाचेला कळत नाही, भरल्या गाडीला कळतं.

मी रिसोड-वाशीम पट्ट्यात उमेदीची सगळी वर्षं ट्रक चालवला. आता गाडी पुतण्याच्या हातात आहे आणि मी घरी बसून फोनवर शहाणपण सांगतो. त्यातलं एक इथेही सांगतो. गाडी चिखलात शिरते ती मातीमुळे, पण अडकून पडते ती बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या उजव्या पायामुळे.

आधी माती. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर पसरले, त्याचा बेसाल्ट झाला आणि तो झिजून ही काळी जमीन तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक, आणि प्रत्येक कण म्हणजे पातळ पापुद्र्यांची चळत. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात ते निघून गेलं की तीच माती आकसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी असं धरून ठेवते म्हणून तर आमच्याकडे पाऊस संपल्यावरही तूर, हरभरा उभा राहतो. रस्त्याचे इंजिनियर मातीची ताकद सीबीआर नावाच्या चाचणीने मोजतात. चांगल्या फोडलेल्या खडीला १०० धरलं, तर भिजलेल्या काळ्या मातीचा आकडा बहुतेकदा २ ते ४ भरतो.

सगळा जिल्हा मात्र एकसारखा नाही. वाशीम दोन खोऱ्यांच्या जलविभाजकावर बसलेला आहे. काटेपूर्णा उत्तरेकडे पूर्णेला, म्हणजे तापीच्या खोऱ्यात जाते. पैनगंगा, अडाण, अरुणावती यांचं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात उतरतं. उंचावर बरड, मुरमाड जमीन असते, तिथे पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी घाला. पैनगंगेच्या काठची भारी जमीन आठवडाभरही भरवसा देत नाही. जुना ड्रायव्हर शेतात शिरण्याआधी खाली उतरून सब्बल खुपसून पाहतो. सब्बल सहज आत गेली आणि ओढताना मातीने धरून ठेवली, तर तो माल डांबरावर आणायला सांगतो. मग शेतकरी रुसतो, दुसरी गाडी बोलावतो, आणि संध्याकाळी ती दुसरी गाडी काढायला तिसऱ्याचा ट्रॅक्टर जातो. असं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आता उजवा पाय. ट्रकच्या टायरमध्ये हवा १०० पीएसआयच्या वर असते, म्हणजे जमिनीवर दर चौरस इंचाला साधारण तेवढ्याच पौंडांचा दाब पडतो. उभ्या माणसाच्या तळव्याखाली तो दहाच्या आतबाहेर असतो. दहा टायरच्या ट्रकचं मालासकट कायदेशीर वजन आधी २५ टन होतं, २०१८ मध्ये ते २८.५ टन झालं. एवढं ओझं घेऊन चाक ओल्या थरावर आलं की थोडं दबतं. इथपर्यंत काही बिघडलेलं नसतं. पण गाडी जड झाल्यासारखी वाटताच ड्रायव्हर रेस देतो. चाक जागीच फिरतं, टायरच्या नक्षीत काळी माती गच्च बसते आणि टायर वरवंट्यासारखा गुळगुळीत होतो. मग त्याची पकड राहत नाही, तो फक्त खड्डा खणतो.

त्यात डिफरन्शियलची करामत असते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देण्यासाठी हा भाग असतो. रस्त्यावर तो वरदान, चिखलात शाप. एक चाक घसरलं की इंजिनची फिरत सगळी त्या चाकाकडे जाते आणि कोरड्यावरचं दुसरं चाक शांत उभं राहतं. डिफरन्शियल लॉक असेल तर दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात, पण आमच्याकडच्या जुन्या मालगाड्यांत ते कुठून असणार? मिनिटभर रेस दिली की मागचं हाउसिंग मातीला टेकतं. आम्ही म्हणतो, गाडी पोटावर बसली. आता चाकं नुसती लोंबकळत असतात. थोड्या वेळात जळक्या क्लचप्लेटचा वास येतो आणि खर्चाचा आकडा वाढतो.

पैनगंगेकाठच्या एका शेतातली गोष्ट सांगतो. गाडी माझी नव्हती, मी मदतीला गेलो होतो. सोयाबीनचे कट्टे निम्म्यावर भरून झाले होते, गाडी पुढच्या सुडीकडे सरकवताना मागची डावी जोडचाकं धुऱ्याजवळच्या ओलीत उतरली. पोरगा ड्रायव्हर, रेस वर रेस. शेतमालक म्हातारा बांधावरून ओरडला, "अबे, कायले रेस देतं? खाली उतर!" पोरगा उतरेपर्यंत हबपर्यंत माती आली होती. गावातली पोरं जमली आणि कुणीतरी नेहमीचा तोडगा काढला: सगळे मागे चढा, वजन पडलं की चाक धरेल. दहा-बारा जण चढले. गाडी आणखी चार बोटं खाली गेली.

हा तोडगा वाळूत कधी कधी चालतो, काळ्या मातीत नाही, आणि त्याचं कारण चंद्रापर्यंत जातं. मिएचिस्वाव बेकर या पोलंडमध्ये जन्मलेल्या इंजिनियरने चाक आणि माती यांच्या नात्याचं शास्त्र मांडलं. त्याचं पुस्तक १९५६ मध्ये आलं आणि पुढे अपोलो मोहिमेतल्या चंद्रावरच्या गाडीच्या कामात त्याचा मोठा वाटा होता. पकडीचा साधा हिशोब असा, की मातीची पकड दोन गोष्टींतून येते. कण एकमेकांवर घासतात ती एक, आणि ही पकड वजनाबरोबर वाढते. माती स्वतःला चिकटून असते ती दुसरी. ही वजनाने वाढत नाही, चाक जेवढ्या जागेवर टेकतं तेवढ्यानेच वाढते. वाळू पहिल्या प्रकारची. भिजलेली काळी माती जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या प्रकारची. म्हणून आमच्याकडे वजन चढवायचं नाही, उतरवायचं, आणि टेकायची जागा वाढवायची.

तसंच केलं. आधी ताडपत्री अंथरून कट्टे उतरवले. आभाळ भरून येत होतं आणि मालकाचा जीव त्या कट्ट्यांत होता. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो (२०२४ च्या हंगामात तो १५ पर्यंत सैल केला होता), आणि ओल्या जमिनीवर रात्रभर राहिलेला कट्टा खालून दमट होतोच. मग फावड्याने हाउसिंगखालची माती काढली, चाकांच्या मागे उतार खणला. मागे अशासाठी, की ज्या जमिनीवरून गाडी आली तिने वजन पेललेलं असतं. पुढची जमीन अजून तपासलेली नसते. जोडचाकांच्या मधली माती सब्बलीने पाडली. चाकाच्या कडेने सब्बल खोल खुपसून हलवली, म्हणजे खाली हवा शिरते. हे केलं नाही तर चिकट माती चाकाला खालून ओढून धरते आणि ट्रॅक्टरचा अर्धा जोर ती सोडवण्यातच जातो. जॅक लावायचा तर तोच खाली जातो, म्हणून त्याच्याखाली हडंब्याच्या चाकाला ओट म्हणून लावलेली जाड फळी काढून आणून ठेवली. चाक उचललं आणि खड्ड्यात धुऱ्यावरचे गोटे भरले.

वर काय टाकायचं, यावर वाद झाला. शेतात कुटाराचा ढीग होता, पोरं टोपलं भरून आणत होती. मालकीणबाई म्हणाल्या, "कुटार नोका टाकू, त्याचा रबडा होते. घरी पऱ्हाट्या हायेत मांगल्या सालच्या." बरोबर बोलल्या. कुटार बारीक असतं, ते गाऱ्यात मिसळून जातं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, लांब काड्या आडव्या टाकल्या की चाकाखाली जाळी होते आणि दाब पसरतो. पण ते त्यांचं चुलीचं सरपण होतं. भारेच्या भारे चाकाखाली जाताना त्या बघत होत्या. शेवटी गाडीमालकाला म्हणाल्या, "भाऊ, पऱ्हाट्या गेल्या, आता सैपाक कायच्यावर करू मी?" त्याने दिवाळीआधी लाकडाची खेप टाकायचं कबूल केलं. टाकलीही.

टायरमधली थोडी हवा सोडणं हाही त्याच हिशोबातला उपाय आहे. टायर पसरतो, टेकायची जागा वाढते. आमचे ड्रायव्हर हे टाळतात, कारण परत हवा कुठे भरायची? पण एअर ब्रेकच्या गाडीला कॉम्प्रेसर असतोच. नळी जवळ ठेवली तर डांबरावर आल्यावर हवा भरून घेता येते.

मग टोचन, म्हणजे ट्रॅक्टरने ओढून काढणं. इथे मात्र मला कडक बोलावंसं वाटतं, कारण चिखलात माणूस मरत नाही, टोचन लावताना मरतो. ट्रॅक्टरला साखळी बांधायची ती खाली, ड्रॉबारलाच. कुणी ती मागच्या एक्सलच्या वर कुठेतरी बांधतो. ट्रक हलत नाही, मागची चाकं जमीन धरतात आणि ट्रॅक्टरचं नाक वर उचललं जातं. क्षणभरात ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर पालथा होतो. क्लच दाबायलाही सवड मिळत नाही. दुसरा धोका वायर रोपचा. ताणलेला रोप तुटला की दोन्ही टोकं चाबकासारखी फिरतात. रोपच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहू नये आणि रोपवर मधोमध ओलं पोतं टाकावं. गावात उलटंच असतं: जेवढा ताण, तेवढी गर्दी जवळ. झटके मारायचे नाहीत, आधी साखळी ताणून घ्यायची आणि मग सलग ओढ द्यायची. ट्रकच्या ड्रायव्हरने स्टिअरिंग सरळ ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये हलकी रेस ठेवावी. पहिल्या गिअरला जोर जास्त, म्हणून चाक लवकर घसरतं. जेसीबी मागवला तरी तो टायरवरचा असतो, तोही फसतो. पट्ट्यावर चालणारं पोकलेन तरतं, पण त्याचं भाडं ऐकून शेतकरी खाली बसतो.

आमच्या पूर्वजांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता: त्यांनी चाकच वापरलं नाही. वऱ्हाडातून मुंबईला कापसाची पहिली मोठी खेप १८२५-२६ मध्ये विकाजी आणि पेस्तनजी या व्यापाऱ्यांनी पाठवली, ती ५०० बैलांच्या पाठीवर लादून. धान्य, मीठ, कापूस पाठीवर वाहणारे तांडे बंजाऱ्यांचे. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आज देशभरचा बंजारा समाज येतो आणि २०२४ मध्ये तिथे या समाजाच्या वारशाचं संग्रहालयही उघडलं. बैलाचा खूर चिखलात रुततो, पण दुभंगलेला असल्यामुळे वर येताना आकसतो आणि सुटतो. रशियात १९४१ च्या शरद ऋतूत जर्मन फौजेच्या मोटारी चिखलात अडकल्या, तेव्हा त्यांनाही तिथल्या शेतकऱ्यांच्या हलक्या घोडागाड्या गोळा कराव्या लागल्या होत्या.

पण आता पुन्हा बैल लादायचे नाहीत, म्हणून प्रश्न पांदणीशी, म्हणजे शेतरस्त्याशी, येऊन थांबतो. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. त्या रस्त्याला लागलेला माल सकाळपर्यंत कुठेही पोचतो. अडचण शेत ते डांबर एवढ्याच तुकड्याची आहे. गावनकाशात गाडीवाट १६.५ ते २१ फूट रुंद दाखवलेली असते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी वखर घालून घालून ती एका बैलगाडीची उरते. अडवलेला रस्ता मोकळा करून देण्याचा अधिकार तहसीलदाराला मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ ने दिलेला आहे. बांधावरून नवी वाट मागायची तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३ आहे. शिवाय २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. कागद भरपूर आहेत. भावकीत अर्ज कोण करणार, हा खरा प्रश्न.

आणि रस्ता झाला तरी काळ्या मातीवर नुसता मुरूम टाकून भागत नाही. दोन पावसाळ्यांत मुरूम खाली जातो आणि माती वर येते. कडेला नाल्या खोल हव्यात, मधे उंचवटा हवा, खालची काळी माती खरवडून काढायला हवी किंवा तिच्यात चुना मिसळायला हवा; चुन्यातलं कॅल्शियम त्या पापुद्र्यांचं फुगणं कमी करतं. आमच्याकडे पांदण रस्त्याचा फोटो मुरूम टाकल्याच्या दिवशी काढतात. तो तिसऱ्या ऑक्टोबरात काढावा.

तोपर्यंत पुतण्याने स्वतःचा नियम केला आहे. भाडं ठरवताना तो आधी विचारतो, "डांबर किती लांब?" लांब असेल तर शेतकऱ्याने माल आदल्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने सडकेवर आणायचा, ट्रॉलीचं भाडं निम्मं निम्मं. शेतातच गाडी हवी असेल तर फसल्यावर कट्टे उतरवायची आणि चढवायची हमाली शेतमालकाची, टोचनचा खर्च गाडीचा. पूर्वी या गोष्टी भांडणानंतर ठरायच्या. गाडी निघाल्यावर काय करायचं, हेही तो आता न सांगता करतो: ब्रेक ड्रममध्ये गेलेली माती पाण्याने काढतो, रिकाम्या रस्त्यावर दोन-तीनदा ब्रेक मारून बघतो, जोडचाकांच्या मधे अडकलेला गोटा काढतो. तो राहिला तर वेगात सुटून मागच्या मोटरसायकलवाल्याला लागतो. मगच तो कट्टे चढवून गाडी बाजार समितीकडे काढतो.