केस आमचे, इशारा मात्र परक्या भाषेत

१९४२ च्या लढ्यामुळे ज्या गावाचे नाव देशाला ठाऊक झाले, त्या वर्धा जिल्ह्यातील आष्टीला आम्ही एका जमिनीच्या प्रकरणाची कागदपत्रे पाहायला गेलो होतो. काम आटोपून विहाराच्या ओट्यावर बसलो, तेवढ्यात एक माय आपल्या लेकाला हाताला धरून घेऊन आली. पोराने डोक्याला दुपट्टा गुंडाळला होता. "पाहा जी वकीलसाहेब, याचे डोये पाहा," ती म्हणाली. पापण्यांची सूज अजून पुरती उतरली नव्हती. कानामागे आणि मानेवर खपल्या होत्या. मुलगा १९ वर्षांचा, महाविद्यालयात शिकणारा.

हकीकत अशी. चुलतभावाचे लग्न होते. मित्रांसारखे आपलेही केस सोनेरी दिसावेत ही हौस. सलूनचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून त्याने ब्लीच पावडर आणि तिच्यात कालवायचे डेव्हलपर विकत आणले आणि घरीच लावले. लवकर रंग चढावा म्हणून वर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि मे महिन्याच्या उन्हात जाऊन बसला. डोक्याची आग होऊ लागली तरी दात खाऊन बसून राहिला. धुतल्यावर केस सोनेरी निघाले नाहीत, संत्र्याच्या सालीसारखे निघाले. मित्र हसले. लाजेने त्याने त्याच संध्याकाळी किराणा दुकानातून काळा डाय आणला आणि भाजलेल्या टाळूवरच लावला. दुसऱ्या दिवशी खाज सुटली, तिसऱ्या दिवशी तोंड असे सुजले की डोळे उघडेनात. त्याला वर्ध्याला न्यावे लागले.

ओट्यावर बसलेल्या एका ज्येष्ठ बांधवांनी लगेच निकाल दिला : "बाबासाहेबांच्या पोरांनी पुस्तकं घ्यावीत हातात, हे पिवळे केस कशाले पायजेत? भोगा आता." आमच्या चळवळीत हा सूर नवा नाही. त्यांची कळकळ आम्हाला मान्य आहे, निकाल मान्य नाही.

केसांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न आमच्या इतिहासात लहान कधीच नव्हता. विधवेचे केशवपन करण्याची रूढी होती तेव्हा त्या बाईचे केस तिचे नव्हते, धर्माच्या ठेकेदारांचे होते. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी बांधव एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे त्यांनी ठरवले. पुढे स्वतंत्र भारतातही दलितांचे जबरदस्तीने मुंडन करणे, मिशी कापणे हे प्रकार थांबले नाहीत. म्हणून तर अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली आणि जबरदस्तीचे मुंडन व मिशी काढणे हे कलम ३(१)(ई) मध्ये स्पष्ट शब्दांत गुन्हा म्हणून आले. केस हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे हे कायद्याने मान्य केले आहे. मग आमच्या पोराने आपले केस काळे ठेवावेत की सोनेरी करावेत, हे त्यालाच ठरवू द्या.

आणखी एक गोष्ट त्या ज्येष्ठांना आठवत असेल. आमच्या वस्त्यांत लहान पोरांचे केस एके काळी आपोआपच तांबूस व्हायचे. लोक म्हणायचे उन्हाने झाले. पण अन्नात प्रथिने कमी पडली की मुलांचे काळे केस तांबूस, विरळ आणि ठिसूळ होतात. डॉक्टर कुपोषणाच्या खुणांमध्ये ही खूण मोजतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटाने हे दुःख फार पाहिले आहे. ज्यांच्या घरात भुकेने केस तांबूस झाले, त्यांच्या नातवाने हौसेने ते सोनेरी करावेत यात लाज वाटण्यासारखे काय आहे? लाज वाटावी अशी गोष्ट वेगळी आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी त्या मुलाच्या डोक्यावर नेमके काय घडले ते समजून घेऊ.

केसाला काळेपणा देणाऱ्या द्रव्याला मेलॅनिन म्हणतात. ते केसाच्या आतल्या थरात असते, त्यावर खवल्यांसारखे आवरण असते. अमोनियासारखा क्षार ते खवले उघडतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून मेलॅनिन नष्ट करते. मेलॅनिन दोन प्रकारचे : एक काळे-तपकिरी, दुसरे लालसर-पिवळे. काळे आधी जाते, लालसर चिवट असते. त्यामुळे आपल्यासारखे काळेभोर केस आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे होतात. डब्यावरच्या बाईचा रंग एका बैठकीत आपल्या केसांवर येत नाही. त्या मुलाने जास्त वेळ ठेवले असते तरी सोनेरी रंग येण्याआधी केसच तुटले असते.

ब्लीच पावडरमध्ये परसल्फेट नावाचे क्षार असतात. डेव्हलपरमध्ये कालवल्यावर हे मिश्रण स्वतःच तापते. वरून पिशवी आणि ऊन म्हणजे टाळू भाजण्याची पुरती व्यवस्था. दम्याच्या रुग्णाला या पावडरीच्या धुळीने दम्याचा झटकाही येऊ शकतो. डेव्हलपर ६, ९ आणि १२ टक्के पेरॉक्साइडचे मिळते. दुकानात २०, ३० आणि ४० व्हॉल्यूम म्हणतात ते हेच. आकडा जितका मोठा तितका धोका मोठा. घरी ४० व्हॉल्यूमला हात लावू नये.

डोळे मात्र सुजले ते काळ्या डायमुळे. बहुतेक काळ्या डायमध्ये पॅराफेनिलीनडायअमीन हे रसायन असते, त्याला थोडक्यात पीपीडी म्हणतात. काही लोकांना त्याची तीव्र अॅलर्जी होते, आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. आम्ही मुलाला विचारले, पूर्वी कधी असे झाले होते का? तो आठवून म्हणाला, जत्रेत हातावर काळ्या मेंदीचा टॅटू काढला होता, तिथे फोड आले होते. आमच्या मते तीच पहिली घंटा होती. मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस-नारिंगी असतो. काळी मेंदी म्हणून जे विकले जाते त्यात बहुधा पीपीडीच घातलेली असते. अशा टॅटूने अॅलर्जीचा धोका वाढतो, असा इशारा युरोपात केसांच्या रंगाच्या डब्यावर छापावा लागतो, आणि १६ वर्षांखालील मुलांसाठी हा रंग नाही हेही.

आता लाज वाटावी अशी गोष्ट. तो काळ्या डायचा डबा आम्ही मागून घेतला. भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत इंग्रजी मजकूर होता, थोडा हिंदीत होता. मराठीची एक ओळ नव्हती. मुलगा म्हणाला, "साहेब, एवढं बारीक कोण वाचते जी?" त्याच्या आईला अक्षरओळख आहे, ती मराठी वर्तमानपत्र वाचते. मराठीत असते तर तिने नक्की वाचले असते.

वाचकहो, हा केवळ निष्काळजीपणाचा विषय नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या नियम १४९ ने ठरवून दिले होते की पीपीडी किंवा तत्सम रंगद्रव्य असलेल्या केशरंगावर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही लेबलांवर इशारा हवा, आणि तो इंग्रजीत तसेच स्थानिक भाषांत हवा. २०२० साली सौंदर्यप्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम आले, त्यांतही ही तरतूद कायम ठेवली आहे. इशाऱ्याचा आशय असा : यातील घटकांमुळे काहींच्या त्वचेचा दाह होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी घ्या, भुवया आणि पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकते. चाचणी कशी घ्यायची ते सांगणारी सूचनाही डब्यात स्थानिक भाषेत हवी. वर्धा जिल्ह्यात स्थानिक भाषा कोणती, हे सांगायला वकील लागत नाही.

ज्ञान लपवण्यासाठी पोथीला कुलूप लावावे लागत नाही. वाचणाऱ्याला न समजणाऱ्या भाषेत आणि न दिसणाऱ्या अक्षरात ते छापले की काम भागते. आमच्या पूर्वजांना अक्षरापासून दूर ठेवले गेले. आज आम्हाला अक्षर येते, तर अक्षरच आमच्यापासून दूर ठेवले जाते. नुकसान होते ते स्वस्तातला डबा आणून घरी वापरणाऱ्याचे. मोठ्या सलूनमध्ये जाणाऱ्याच्या डोक्यावर निदान शिकलेला हात असतो.

कायदा हातात आहे, तो वापरायचा कसा ते सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार, उत्पादनावर योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबाबत इशारा नसेल आणि त्यामुळे इजा झाली, तर उत्पादक जबाबदार धरला जातो. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. लेबलबाबतची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडेही लेखी करावी. पण त्यासाठी पुरावा लागतो : डबा, आतला कागद, दुकानाची पावती, डॉक्टरांची कागदपत्रे आणि इजेचे छायाचित्र. आमच्या मुलाकडे डबा होता, पावती नव्हती. दहा रुपयांची पुडी घेतली तरी बिल मागा. आणि कोणी औषध म्हणून बाटली विकून "केसांचा रंग बदलतो, नवे केस येतात" असा दावा करत असेल, तर तो दावा औषध नियमांच्या अनुसूची जे मध्ये निषिद्ध आहे, हेही लक्षात ठेवा.

ज्यांना हौस आहे त्यांनी ती जरूर करावी, पण एवढे पाळावे. रंग कालवून त्याचा थेंब कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावा. नियमांतील सूचना २४ तासांची आहे, पण अॅलर्जी दोन-तीन दिवसांनीही उमटते, म्हणून किमान ४८ तास थांबा. ही चाचणी प्रत्येक वेळी घ्या. मागच्या वेळी काही झाले नाही म्हणून या वेळी होणार नाही असे नसते. ज्यांना एकदा फोड किंवा सूज आली आहे त्यांनी चाचणीचाही प्रयोग करू नये, डॉक्टरांना दाखवावे. टाळूला जखम असेल तर थांबा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, धातूचे भांडे वापरू नका. आधी मागच्या बाजूची एक बट करून पाहा. मेंदी लावलेल्या केसांवर ब्लीच टाकू नका. काही तयार मेंद्यांत धातूचे क्षार असतात, ब्लीचशी गाठ पडली की ते तापतात आणि केस तुटतात. आग होऊ लागली तर घड्याळाकडे न पाहता लगेच भरपूर पाण्याने धुवा. बिघडलेला रंग त्याच दिवशी दुसऱ्या रंगाने झाकू नका. डाय मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. तो पोटात गेला तर मान आणि घसा सुजतो, मूत्रपिंडे निकामी होतात, आणि त्यावर नेमका उतारा नाही. तासभरही न थांबता रुग्णालय गाठावे लागते.

निघताना आम्ही त्या मुलाला विचारले, पुन्हा करशील का? तो मायकडे पाहून म्हणाला, "काळा डाय नाही जी. पण केस वाढले की पुढची एक बट करून पाहीन, आधी टेस्ट घेऊन." माय हसली. ज्येष्ठ बांधवही हसले. मग त्यांनीच खिशातून चष्मा काढला, डबा हातात घेतला आणि आम्हाला म्हणाले, "वाचा बरं, काय लिवलं हाये याच्यावर, मी बी लावतो महिन्यातून दोनदा." गेली कित्येक वर्षे ते मिशीला हाच डाय लावत होते आणि चाचणी त्यांनीही कधी घेतली नव्हती.

आम्ही तो इशारा मराठीत एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. तो आता आष्टीच्या त्या विहारातील फळ्यावर लावला आहे. प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्यांनी असा कागद लावावा, आपल्या गावच्या सलूनवाल्या बांधवांनाही एक प्रत द्यावी. आणि मराठी मजकूर नसलेला डबा दिसला की तो जपून ठेवावा, बिलासह. लेखी तक्रार आम्ही लिहून देऊ.

जयभीम.