दारावरची खूण : साथीतला रुग्ण आणि त्याचे शेजारी

साथीच्या रोगाची लागण झालेल्या माणसाला दोन मुदती पुऱ्या कराव्या लागतात. पहिली रोगाची, जी वैद्यकशास्त्र ठरवते. दुसरी शेजाऱ्यांच्या भीतीची, जी कोणतेही शास्त्र ठरवत नाही आणि म्हणून तिची अखेर कोणालाच सांगता येत नाही. करोनाच्या काळात केंद्र सरकारने ८ मे २०२० रोजी सुधारलेल्या नियमांनुसार सौम्य लक्षणांच्या रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसल्यास, पुन्हा चाचणी न करता घरी सोडता येत होते. घरी परतलेल्या त्याच माणसाच्या दाराजवळून जाताना लोक महिनाभर नाकावरचा रुमाल सावरत होते. या दुसऱ्या मुदतीला समाजशास्त्रात सामाजिक कलंक म्हणतात, म्हणजे माणसाची बाकीची सगळी ओळख पुसून एखाद्या खुणेवरूनच त्याची किंमत ठरवणे. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये या विषयावर लिहिलेले पुस्तक आजही अभ्यासाचा आरंभबिंदू मानले जाते.

हा कलंक अज्ञानातून येतो, लोकांना रोगाची शास्त्रीय माहिती दिली की तो आपोआप ओसरतो, असे प्रशासन गृहीत धरते. हे गृहीतक अर्धेच खरे आहे, हे नवी मुंबईतील करावे गावाची आणि त्याच्या आसपासची वस्ती पाहिली तरी लक्षात येते. करावे हे नेरूळ परिसरातील जुने आगरी-कोळी गाव. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने शहरासाठी या पट्ट्यातील जमिनी संपादित केल्या, गावठाण तेवढे जागच्या जागी राहिले आणि त्याच्या भोवती सीवूड्सच्या इमारती उभ्या राहिल्या. साथीच्या दृष्टीने येथे हाकेच्या अंतरावर दोन वेगळे समाज नांदतात.

गावठाणात घराला घर लागून असते, पुढच्या पिढ्यांसाठी मजल्यावर मजला चढवलेला असतो आणि बोळ इतके अरुंद की रुग्णवाहिका दारापर्यंत येत नाही. ती रस्त्यावर थांबते आणि रुग्णाला हातात पिशवी घेऊन, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांसमोरून, तिच्यापर्यंत चालत जावे लागते. ‘अमक्याकडे निघालाय’ ही बातमी अहवालाआधीच गावभर झालेली असते. अशा ठिकाणी आजार लपवणे अवघड असते, पण जिथे काही लपत नाही तिथे जेवणाचा डबाही पोचतो, कारण भावकी, म्हणजे एका कुळातील घरांचा परस्पर बांधलेला गोतावळा, अडल्यानडल्याला धावून येण्यासाठीच असतो. ही सावली भाडेकरूला मिळत नाही. गावठाणांतील भाड्याच्या खोल्यांत राहणारे सुरक्षारक्षक, घरकामगार आणि रुग्णालयांतील कर्मचारी यांची गावात भावकी नसते आणि इमारतींत ओळख नसते. खोकला आला तर खोली जाण्याची आणि काम जाण्याची भीती त्यांच्यापुढे एकाच वेळी उभी राहते. सीवूड्सच्या इमारतींत, गेटच्या आत, कलंकाचे रूप कागदी असते. तिथे तोंडावर कोणी काही बोलत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सदनिकेचा क्रमांक फिरतो, उद्वाहनाच्या वापराची सूचना लागते आणि घरकामाच्या बाईला गेटवरून परत पाठवले जाते. टाळेबंदी शिथिल होऊ लागल्यावर गृहनिर्माण संस्थांनी सरकारच्या वर जाऊन आपले नियम करू नयेत, हे राज्याच्या सहकार खात्याला जाहीरपणे सांगावे लागले होते. शिकलेल्यांच्या वस्तीत कलंक कमी असतो, हा समज यापुढे कोणी बाळगू नये.

या भीतीचा इतिहास जुना आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि ऑक्टोबरमध्ये पालिका आयुक्तांनी रुग्णाला सक्तीने घरातून हलवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला, कारण तिथे नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, असे लोक मानत होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. संशयित घरांवर ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे रंगवली जाऊ लागली, प्लेगचे रुग्ण सापडलेल्या घरांच्या भिंतींवर वर्तुळे काढली गेली आणि पुण्यात सैनिक घरात शिरून झडत्या घेऊ लागले. या झडत्यांमधून जो संताप उसळला त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावरील गोळीबारात झाली. हा भाग मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असतो. मात्र त्याच झडत्यांनी घराघरांतून काय घडवले, हे तितके सांगितले जात नाही. लोक रुग्णाला माळ्यावर लपवू लागले, मृत्यूचे कारण वेगळे सांगू लागले, रातोरात गाव सोडू लागले आणि पळणाऱ्यांबरोबर प्लेगही पुढच्या गावी गेला. सक्ती सैल होऊन मुंबईत निरनिराळ्या जातीजमातींना आपापली प्लेग रुग्णालये चालवण्याची मुभा मिळाली, तेव्हा रुग्ण पुढे येणे सोपे झाले. सोवळ्याओवळ्याला दिलेली ही सवलत आज खटकते. पण आपले माणूस डोळ्यांसमोर राहणार आणि त्याचा अंत्यविधी रीतीप्रमाणे होणार, एवढी हमी मिळाली की आजार दडवण्याचे कारणही कमी होते, हे त्यातून दिसले.

याच प्लेगमध्ये पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवरून दवाखान्यात आणले, असे सांगितले जाते. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या समाजात विटाळाची कल्पना जंतूच्या शोधाच्या फार आधीपासून रुजलेली होती, तिथे जंतूची भीती या जुन्या वाटेनेच घरात शिरते, म्हणून स्पर्शाचा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही.

सव्वाशे वर्षांनंतर हत्यारे बदलली, पद्धत फारशी बदलली नाही. १६ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने गृह विलगीकरणात, म्हणजे संसर्गाची शक्यता असल्याने घरातच वेगळे राहण्यास सांगितलेल्या व्यक्तींच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईने शिक्का मारण्याचा निर्णय घेतला. मुंबईतील शिक्क्यावर मुंबईकरांचे रक्षण करत असल्याचा अभिमान व्यक्त करणारे वाक्य होते, त्याखाली मुदतीची तारीख. कल्पना गौरवाची होती. प्रत्यक्षात दोनच दिवसांनी असा शिक्का असलेल्या चार प्रवाशांना सहप्रवाशांनी ओळखले आणि त्यांना पालघर स्थानकात गाडीतून उतरवण्यात आले. त्यांनी प्रवास करायला नको होता हे खरे. पण पाहणाऱ्यांनी तो मजकूर गौरव म्हणून वाचला नाही, हेही तितकेच खरे. घरांच्या दारांवर लावलेल्या फलकांचेही तेच झाले. त्यांविरुद्धच्या याचिकेवर सुनावणी करताना, फलक लागला की त्या घरातील माणसांना अस्पृश्यांसारखी वागणूक मिळते, असे निरीक्षण सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले आणि ९ डिसेंबर २०२० रोजी, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याने तसा आदेश दिल्याशिवाय असे फलक लावता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. तोवर साथीचे पहिले आणि सर्वांत भयग्रस्त नऊ महिने उलटून गेले होते.

कलंक एका घरावर थांबत नाही, तो गटावर पसरतो. मे २०२० मध्ये वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतील बाजार आठवडाभर बंद ठेवावे लागले, तेव्हा शहराला भाजी पुरवणारे माथाडी आणि व्यापारी काही काळ रोगाचे वाहक म्हणूनच ओळखले जाऊ लागले. त्याआधी दिल्लीतील तबलिगी मेळाव्यानंतर एका धर्माच्या लोकांकडे बोट दाखवले गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी त्या मेळाव्याला आलेल्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द करताना, त्यांना बळीचा बकरा बनवले गेले, अशा आशयाचे मत नोंदवले. मेल्यावरही सुटका नव्हती. वांद्र्यातील एका कब्रस्तानात करोनाच्या मृतांच्या दफनाला झालेला विरोध उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी फेटाळला, कारण मृतदेहापासून हा रोग पसरतो याला शास्त्रीय आधार नव्हता.

कायदा या बाबतीत कुठवर पोचला आहे, हे एड्सच्या उदाहरणावरून कळते. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, केवळ त्याच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू आढळला म्हणून, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली चौसष्ट दिवस डांबून ठेवण्यात आले. सुटल्यावर त्याने बाधितांसाठी काम उभे केले आणि १९९२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला निव्वळ एचआयव्हीबाधित म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. या साऱ्याची फलनिष्पत्ती म्हणजे २०१७ चा एचआयव्ही कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे: नोकरी, शिक्षण, उपचार आणि भाड्याचे घर यांत बाधिताशी भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आणि आपला आजार उघड करण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, असेही ठरवले. कुष्ठरोगाच्या बाबतीत मात्र, औषधाने हा रोग पूर्ण बरा होतो हे कित्येक दशके माहीत असूनही, घटस्फोटाचे कारण म्हणून त्याचा उल्लेख कायद्यातून वगळायला २०१९ साल उजाडावे लागले.

बाकीच्या साथींसाठी अशी ढाल नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला, तो जुलै २०१७ पासून अमलात आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु वाळीत टाकणारा समूह त्याने जात, पोटजात किंवा धर्मपंथ यांच्या चौकटीत पाहिला आहे, त्यामुळे जात पंचायत त्यात येते, गृहनिर्माण संस्थेची कार्यकारिणी सहजी येत नाही. दुसरीकडे १८९७ च्या साथरोग कायद्यात २०२० साली केंद्राने दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी तीन महिने ते पाच वर्षे, आणि गंभीर दुखापत झाल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. ती आवश्यकच होती. पण ज्या रुग्णाच्या नावाने हा कायदा सव्वाशे वर्षे चालत आला, त्याला घरातून काढले, कामावरून कमी केले किंवा त्याचे नाव गटावर फिरवले, तर त्याच्या बाजूने उभे राहील असे एकही कलम त्या दुरुस्तीत नाही.