जोडलेला राक्षस

खेळणे हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका कोणी घेईल. त्यातून खेळणे राक्षसांचे आणि बोलणारे आम्ही कामगार चळवळीतले! पण आमची समजूत अशी आहे की, समाज आपल्या मुलांच्या हाती काय देतो हे पाहिले म्हणजे तो श्रमाकडे, भीतीकडे आणि शेजाऱ्याकडे कसा पाहतो हे बरेचसे उमजते. ज्या खेळण्याविषयी येथे सांगावयाचे आहे ते मुंबईच्या मोठ्या दुकानांत काचेमागे मांडलेले दिसते. देवनारच्या चाळींत आणि वस्त्यांत ते क्वचितच पोहोचते. तरीही ते समजून घेण्यासारखे आहे. का, ते पुढे येईलच.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. एक खोका असतो. त्यात प्लॅस्टिकच्या लहान लहान विटा, काही चाके, बिजागऱ्या, बोटभर उंचीची माणसे आणि एक चित्रमय पुस्तिका असते. पुस्तिकेत अक्षर जवळजवळ नसतेच. कोणती वीट कोठे बसवावयाची हे चित्रांनीच दाखविलेले असते. त्याप्रमाणे जोडीत गेले म्हणजे घर, आगगाडी, किल्ला असे काहीतरी उभे राहते. ह्याच खेळण्याची एक शाखा भुताराक्षसांची आहे. तीत पडका वाडा, रक्तपिपासू उमराव, लांडगामाणूस, पट्ट्या गुंडाळलेले इजिप्तमधील प्रेत, दलदलीतला जलराक्षस आणि वेड्या शास्त्रज्ञाने घडविलेला अजस्र मनुष्य अशी मंडळी जोडून उभी करावयाची असतात.

ह्या विटांचा इतिहास एका सुताराच्या बेकारीतून सुरू होतो. ओले कर्क क्रिस्तियानसेन हा डेन्मार्कमधील बिलुंड गावचा सुतार. जगभर मंदी होती, घरबांधणीचे काम मिळत नव्हते, म्हणून १९३२ साली त्याने लाकडी खेळणी करावयास घेतली. १९३४ मध्ये त्याने धंद्याला 'लेगो' हे नाव दिले. 'चांगले खेळ' ह्या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची ती जोड आहे. प्लॅस्टिकची वीट मात्र मुळात त्याची कल्पना नव्हे. इंग्लंडातील हिलरी पेज ह्या गृहस्थांनी 'किडीक्राफ्ट' नावाने तशा विटा आधीच काढल्या होत्या, आणि १९४९ साली बिलुंडला निघालेली वीट त्याच धर्तीची होती. त्या विटेत एक खोट होती. ती दुसरीवर बसे, पण तिला नीट धरून ठेवीत नसे. मुलाने घर उचलले की घर हातात आणि भिंत जमिनीवर!

ही खोट २८ जानेवारी १९५८ रोजी दूर झाली. ओलेचा मुलगा गॉडफ्रेड याने त्या दिवशी नव्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज केला. विटेच्या पाठीवर आठ खुंट्या असतात, हे पूर्वीही होते. आता तिच्या पोकळ पोटात तीन नळ्या आल्या. वरची वीट दाबली की खालच्या विटेची प्रत्येक खुंटी नळी आणि भिंत यांच्यामध्ये पकडली जाते. गोंद नाही, खिळा नाही. प्लॅस्टिकचा किंचित ताण आणि घर्षण एवढ्यावरच तो सांधा टिकतो, आणि मुलाच्या बोटांनी पुन्हा सुटतो. १९६३ पासून ह्या विटांसाठी एबीएस नावाचे कठीण प्लॅस्टिक वापरात आले. त्याचे दाणे दोनशे अंशांहून अधिक उष्णतेने वितळवून साच्यात दाबाने भरतात. साच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढीही चूक खपत नाही. वीट सैल झाली तर धरत नाही, घट्ट झाली तर सुटत नाही. ज्यांनी साचेकामाच्या गाळ्यात पाळी केली आहे त्यांना ह्या वाक्यामागची मेहनत वेगळी सांगावयास नको. ह्या काटेकोरपणाचे फळ असे की, १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते.

सांध्याचे सामर्थ्य केवढे, ते एका हिशेबाने कळेल. आठ खुंट्यांच्या एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात. तीन घेतल्या तर १,०६० प्रकारे. सहा घेतल्या तर ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे! कोपनहेगन विद्यापीठातील गणिती सोरेन आयलर्स आणि त्यांचे सहकारी यांनी ही संख्या संगणकावर मोजून काढली. वीट एकटी असताना जवळजवळ निरुपयोगी. सहा एकत्र आल्या की त्यांच्या शक्यतांचा अंत लागत नाही. आयुष्यभर संघटनेचे काम करणाऱ्याला हा हिशेब गोड वाटला तर नवल नाही.

आता राक्षसांकडे वळू. ते ह्या विटांच्या जगात हळूहळू शिरले. १९९० साली किल्ल्यांच्या खेळात अंधारात चमकणारे पांढरे भूत आले. १९९३ साली अग्निसर्प आला. २००२ मध्ये भयपटांच्या चित्रीकरणाचा खेळ म्हणून रक्तपिपासू, लांडगामाणूस आणि शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा आली. २०१२ साली राक्षसांशी लढणाऱ्या वीरांची एक स्वतंत्र मालिकाच निघाली. तिच्यातील झपाटलेला वाडा २,०६४ तुकड्यांचा होता. २०१९ मध्ये विटांच्या इमारतीवर फोन धरला म्हणजे पडद्यावर भुते दिसावीत अशी योजना झाली, पण ती मालिका फार दिवस चालली नाही. जुन्या वाड्याची हौस मात्र टिकली. २०२० साली जत्रेतल्या झपाटलेल्या वाड्याचा ३,२३१ तुकड्यांचा नवा संच निघाला.

मुलांना राक्षस का आवडावेत? आमच्या मते उत्तर सांध्यातच आहे. दुरून पाहिलेला राक्षस अखंड असतो आणि म्हणून भयंकर असतो. हाताने जोडलेला राक्षस आतून ठाऊक झालेला असतो. त्याचा जबडा म्हणजे एक बिजागरी, त्याचे डोळे म्हणजे दोन गोल चकत्या, हे ज्या मुलाने स्वतः बसविले ते त्याला भीत नाही.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. महाभारतातला जरासंध आठवा. बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धे अर्धे मूल झाले, ते बाहेर टाकून देण्यात आले, आणि जरा नावाच्या राक्षसीने ते दोन तुकडे सांधले. म्हणून तो जरासंध. पुढे त्याने अनेक राजे बंदीत टाकले. भीमाने त्याला मारले ते उभे चिरून, म्हणजे जेथे तो जोडला होता तेथेच. तिकडे युरोपात मेरी शेली या लेखिकेची 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरी १८१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातला शास्त्रज्ञ प्रेतांचे अवयव जोडून एक प्राणी घडवितो आणि तो जिवंत होताच भिऊन पळून जातो. आपल्या हातची वस्तू टाकून पळणे, हाच त्याचा खरा अपराध. खेळण्याच्या खोक्यातला वेडा शास्त्रज्ञ त्याचाच वंशज आहे.

गोव्यात तर आजही गावोगावची तरुण मंडळी दिवाळीआधी कित्येक रात्री जागून बांबू, गवत आणि कागद यांचा अवाढव्य नरकासुर उभारतात, वाड्यावाड्यांत त्याच्या स्पर्धा लागतात, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे तो जाळतात. आपल्याकडे त्याच दिवसांत पोरे दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर मातीचे मावळे मांडतात. नरकासुराची राख होते, किल्ल्याची पुन्हा माती होते. विटांचा राक्षस मात्र सुटा होऊन डब्यात जातो आणि उद्या त्याचीच आगगाडी होते. भेद एवढाच, बाकी हौस तीच, आणि ती एकट्याची नसते.

ह्या खेळण्याचा शौक केवळ मुलांपुरता राहिलेला नाही. अनेक देशांत प्रौढ माणसांची मंडळे आहेत. ती प्रदर्शने भरवितात, पुस्तिका बाजूला ठेवून आपल्या कल्पनेचे राक्षस रचतात, आणि बंद झालेल्या संचांचे सुटे भाग एकमेकांना विकतात. अशा सुट्या भागांसाठी डॅन येझेक ह्या शौकिनाने २००० साली ब्रिकलिंक नावाची बाजारपेठ उभी केली. तिची इतकी भरभराट झाली की २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच ती विकत घेतली.

कंपनीने शौकिनांच्या कल्पनांनाही दार उघडले. २००८ साली जपानात एक योजना सुरू झाली. २०१४ पासून ती 'लेगो आयडियाज' नावाने चालते. कोणीही आपली रचना मांडावी. दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला तर कंपनी तिचा विचार करते, आणि संच निघाला तर रचनाकाराला निव्वळ विक्रीच्या शंभरात एक रुपया ह्या प्रमाणात वाटा मिळतो. 'घोस्टबस्टर्स' चित्रपटातील भुते पकडणाऱ्यांची मोटार २०१४ साली बाजारात आली, ती ऑस्ट्रेलियातील ब्रेंट वॉलर यांच्या रचनेवरून. २०२४ साली अग्निसर्प आणि नाना राक्षसांचा ३,७४५ तुकड्यांचा संच निघाला. त्याची मूळ रचना नेदरलँड्सच्या लुकास बोल्ट यांची, शौकिनांच्या स्पर्धेतून निवडलेली.

कामगार चळवळीतला माणूस येथे थोडा थांबणारच. शंभरात एक हा वाटा न्याय्य आहे काय? एका बाजूने पाहिले तर रचनाकाराचे नाव छापले जाते आणि वाटा आधी ठरलेला असतो, ही लहान गोष्ट नव्हे. आम्ही असे पुष्कळ गाळे पाहिले आहेत जेथे साचा सुधारण्याची युक्ती कामगाराने सुचविली आणि त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर तिचा मागमूस उमटला नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर दहा हजार माणसे आपला वेळ खर्चून कोणता माल खपेल हे कंपनीला फुकट सांगतात. हौसेने केलेले श्रमही श्रमच आहेत. ते आनंदाने द्यावेत, पण त्यांचा हिशेब डोळे उघडे ठेवून करावा.

ह्याच संदर्भात न्यायालयांचे दोन निकाल ध्यानी घेण्याजोगे आहेत. पेटंटची मुदत संपल्यावर विटेचा आकार हेच आपले व्यापारचिन्ह, असा दावा कंपनीकडून झाला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० साली तो अमान्य केला. तात्पर्य असे की, जो आकार उपयोगासाठी आहे तो कोणाच्या मालकीचा कायमचा होत नाही. सांधा आता सर्वांचा आहे. म्हणूनच त्याच मापाच्या विटा अनेक कारखाने काढू शकतात.

मग त्या आपल्या मुलांपर्यंत का येत नाहीत? एक कारण किंमत. परदेशी खेळण्यांवरील आयात कर फेब्रुवारी २०२० मध्ये वीसवरून साठ टक्के झाला आणि २०२३ मध्ये सत्तर. देशी कारखान्याला आधार मिळावा, हा त्यातला हेतू आम्हाला मान्य आहे. त्या कारखान्यातल्या मजुराला नीट वेतन मिळते की नाही, हे पाहणे मात्र आपले काम. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. स्वस्त विटा घेताना ते अवश्य पाहावे, कारण मूल वीट तोंडात घालते.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपले देवनार १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेत आले आहे. शहरातली मुले मोठी झाली की त्यांची मोडकी-धड खेळणीही कचऱ्याच्या वाटेला लागतात. एबीएस कुजत नाही. मिश्र कचऱ्यातून ते वेगळे काढणाऱ्या माणसांना रंगावरून, आवाजावरून, जळत्या वासावरून प्लॅस्टिकची जात ओळखता येते. ते कसब कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत, आणि त्याची किंमत त्या माणसांच्या फुप्फुसांनी चुकती होते. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून कचरा वेचणाऱ्या बहिणींना 'परिसर विकास' कार्यक्रमात संघटित केले, तेव्हा त्यांच्या कामाला काम म्हणण्याची सुरुवात झाली. स्वतः लेगो कंपनीने २०२१ साली टाकाऊ बाटल्यांच्या प्लॅस्टिकपासून वीट करून पाहिली. पण त्याने प्रदूषण कमी होणार नाही असे दिसून आल्यावर २०२३ मध्ये तो बेत सोडला. तेव्हा वितळवून पुन्हा घडविण्यापेक्षा असलेली वीट पुन्हा खेळविणे, हाच आज खरा मार्ग आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वाचनालयात, बालवाडीत सुट्या विटांची एक पेटी असावी. चेंबूर-घाटकोपरच्या ज्या घरांतली मुले मोठी झाली त्यांनी आपले डबे तेथे द्यावेत. संच अपुरा आहे, पुस्तिका हरवली आहे, निरनिराळ्या कारखान्यांच्या विटा मिसळल्या आहेत, ह्याने काही बिघडत नाही. साबणाच्या पाण्याने धुवून, मोडक्या आणि फार बारीक वस्तू काढून, पुस्तकांप्रमाणे नोंद करून त्या मुलांना खेळावयास द्याव्यात. वीट एकदा कचऱ्यात मिसळली म्हणजे तिला सोडविण्यासाठी कोणाला तरी धुरात वाकावे लागते. त्याआधीच ती थांबविली तर एका वस्तीतली अडगळ दुसऱ्या वस्तीतल्या मुलांचे खेळणे होईल. देवनारच्या पोरांना तयार राक्षसाचा खोका मिळाला नाही तरी चालेल. त्यांना विटा द्या. राक्षस ती आपापसांत मिळून स्वतः जोडतील आणि स्वतः सोडवितील.